आईच्या भाताचा कोपरा

वागिरान: ताई, बाहेर ये शेतातून. तिसऱ्यांदा सांगतोय.

लेगिनेम: तिसऱ्यांदा सांग नाहीतर तिसाव्यांदा. हा कोपरा कापून झाल्याशिवाय मी हलत नाही.

वागिरान: अगं, कापणीचं मशीन डांबरी रस्त्यापर्यंत येऊन ठेपलंय आणि तू इथं उभी राहून एकेक लोंबी खुडतेयस! हातात आहे तरी काय? निदान विळा तरी घ्यायचास.

लेगिनेम: आईची आनी-आनी आहे. ओळखली नाहीस? अर्ध्या तळहातात लपतं हे पातं. भाताच्या नजरेला पडू नये म्हणून. भात घाबरतो.

वागिरान: भाताला डोळे असतात?

लेगिनेम: तुला आहेत ना दोन? तुला तरी कुठं दिसलं, हा कोपरा कुणाचा आहे ते?

वागिरान: शेत माझ्या नावावर आहे.

लेगिनेम: माझ्यामुळं आहे! बाबा गेले तेव्हा वाटणी कशी झाली? पुरुषाला कावड, बाईला पाठीवरची टोपली. तुला दोन वाटे, मला एक. गावाची रीत आहे, मी हूं की चूं केलं नाही. पुढं माझा नवरा गेला, शेत कसायला माणूस उरला नाही, म्हणून माझी टोपलीही तुझ्याच कावडीत टाकली. बदल्यात काय मागितलं रे मी? दहा पावलं लांब, आठ पावलं रुंद. आईचा भात लावायला. ‘ताई, तू आहेस तोवर हा कोपरा तुझा’, हे कोण म्हणालं होतं? कालव्यातला बेडूक?

वागिरान: तुझाच आहे अजून! जमीन कुठं विकलीय मी? उभं पीक दिलंय व्यापाऱ्याला. तो त्याच्या मशीननं कापून नेणार. पुढच्या हंगामाला लाव की परत.

लेगिनेम: काय लावू? तुझं डोकं? बी कुठून आणू मी? दुकानात मिळतं हे? खालच्या गावात विचारलं, वरच्या गावात विचारलं, कुणाकडं चिमूटभर नाही. सगळे तीन महिन्यांच्या बुटक्या भातामागं लागले. आईचं बी म्हणून जे काही जगात शिल्लक आहे ते या कोपऱ्यात उभं आहे. मशीन फिरलं की ते तुझ्या त्या बुटक्यात मिसळणार, पोत्यात जाणार आणि गिरणीत भरडलं जाणार. संपलं.

वागिरान: घरात ठेवलं असशील की थोडं.

लेगिनेम: ठेवलं होतं. उंदरांनी खाल्लं.

वागिरान: बघ! उंदरांनी! आता कसं तोंडातून बाहेर पडलं! अगं, ते उंदीर पोसले कुणी? सगळ्या गावाची कापणी एकदम होते, मोकळं रान झालं की उंदीर उपाशी मरतो. आणि तुझा हा भात? पाच-पाच महिने उभा! सगळ्या पंचक्रोशीतले उंदीर इथं पाहुणचार झोडतात आणि पुढच्या लावणीला माझ्याच रोपांवर तुटून पडतात. लोक मला चव्हाट्यावर बोलतात, ‘वागिरान, तुझी बहीण उंदरांची खानावळ चालवते.’ तुला कोण बोलतं? कुणाची हिंमत आहे? ऐकून घ्यायला मी आहे ना!

लेगिनेम: मग मला येऊन सांगायचं. तोंडावर सांगायचं. भांडलो असतो, एकमेकांची उणीदुणी काढली असती, मोकळे झालो असतो. असा केसानं गळा का कापलास?

वागिरान: गळा कापलास म्हणे! वेळ कुठं मिळाला सांगायला? तू कामात होतीस.

लेगिनेम: कामात होते. कुणाच्या कामात?

वागिरान: जाऊ दे ना आता.

लेगिनेम: नाही, बोल. तुझ्या लेकीच्या सातव्या महिन्याच्या जेवणाला, तुझ्या स्वयंपाकघरात, पहाटेपासून चुलीपुढं बसले होते मी. चाळीस नारळ खवले. बोटांची सालं निघाली. तेवढ्यात तुझी बायको आली, म्हणाली, ‘वन्सं, पुढं ओसरीवर पाहुणे आलेत, चार कप कॉफी करा.’ मी केली. वर तळलेली केळीसुद्धा दिली, पाहुण्यासमोर भावाची मान खाली जायला नको म्हणून. आणि तू ती माझी कॉफी पीत पीत, माझी केळी खात खात, त्या व्यापाऱ्याला माझा कोपरा देऊन टाकलास!

वागिरान: मी मुद्दाम नाही केलं ते.

लेगिनेम: साखर तरी नीट होती का रे? का कमी पडली होती?

वागिरान: ताई, असं बोलू नकोस. तो म्हणाला, ‘सगळं शेत ना?’ चार माणसं बसलेली. मी म्हणालो, ‘सगळं.’ तेवढंच झालं. त्यांच्यासमोर काय सांगू, ‘एवढा कोपरा सोडा हं, तिथं माझी बहीण आईशी बोलायला जाते’?

लेगिनेम: हो! असंच सांगायचं! लाज वाटली ना तुला? आईची लाज वाटली!

वागिरान: आईची नाही! या तमाशाची वाटली! पानं बांधायची, अंडं ठेवायचं, सुकी मासळी ठेवायची, पहिल्या लोंब्यांची नवरा-नवरी करून वाजत-गाजत घरी न्यायची…

लेगिनेम: वाजत-गाजत नाही. गपचूप. एवढंही विसरलास?

वागिरान: ते कसं विसरेन? ते तर हाडात बसलंय माझ्या. सहा वर्षांचा होतो मी. आई अशीच जुडी झोळीत घेऊन चालली होती, मी मागं धावत होतो. तुटलेल्या बांधावरून खाली कालव्यात पडलो, हात मोडला. हा बघ, अजून वाकडा आहे. बोंब ठोकली मी. ती एक शब्द बोलली नाही. ‘वागिरान, लागलं का रे?’ एवढंही नाही! ती जुडी म्हणजे भाताची आई, ती घरी पोचेपर्यंत बोलायचं नाही, म्हणून! पोटच्या पोराचा हात मोडला, आणि तिला गवताच्या जुडीची काळजी!

लेगिनेम: ती खाली उतरली होती.

वागिरान: काय?

लेगिनेम: कालव्यात उतरली होती ती. छातीपर्यंत पाण्यात. मी काठावर होते, मी बघितलं. एका काखेत भात आणि दुसऱ्या काखेत तू. तशीच चालत घरी आली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, पण ओठ मिटलेले. दारात पोचली, जुडी आतल्या खोलीत ठेवली आणि मग पहिला शब्द तिनं काढला तो तुझ्या नावाचा. तू तोवर बेशुद्ध पडला होतास. तू कधी ऐकलाच नाहीस तो.

वागिरान: हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

लेगिनेम: तू कधी विचारलंस? पन्नास वर्षं तो वाकडा हात दाखवत हिंडतोस गावभर.

दर्सोनो: काका! वागिरानकाका तुम्हीच ना? मी दर्सोनो, मशीनचा ड्रायव्हर. रस्त्यावर उभं केलंय. इथूनच उतरायचं ना? बाकी तिन्ही बाजूंना कालवा दिसतोय.

वागिरान: इथूनच. दुसरी वाटच नाही.

दर्सोनो: मग काकूंना जरा बाजूला घ्या. पट्टे रुंद आहेत हो मशीनचे. माणूस जवळ असलं की माझा जीव वर-खाली होतो.

लेगिनेम: काकू कुठं जात नाहीत. तुमचं मशीन किती वेळ थांबू शकतं, ते सांगा.

दर्सोनो: थांबायचं म्हणजे?

लेगिनेम: तीन दिवस. एकटीनं कापायचंय म्हणून. बाया असत्या तर एका सकाळचं काम होतं. पण आमच्या भाऊरायांनी पीक परभारे दिलं, लावणीला राबलेल्या बायांचा कापणीतला वाटा बुडाला, आता या शेतात कोण पाय ठेवेल?

वागिरान: कुठल्या बाया? अर्ध्या कपड्यांच्या कारखान्यात जातात बस पकडून! उरल्यात त्यांच्या कमरा वाकत नाहीत. माझे गुडघे गेलेत. मी काय करायचं होतं, सांग ना! दाणे झडून मातीत जाऊ द्यायचे होते?

दर्सोनो: काकू, तीन दिवस कसे थांबणार? दुपारी पुढच्या गावात जायचंय मला. काका, एवढा तुकडा सोडायचा असला तर आमच्या मालकांना फोन लावा. ते हो म्हणाले तर मी बांधाच्या कडेकडेनं बघतो कसं उतरवता येईल ते. फळ्या आहेत माझ्याकडं. वेळ लागेल, पण होईल. मला माझ्या जबाबदारीवर नाही करता येणार.

लेगिनेम: ऐकलंस? एक फोन.

वागिरान: मी शब्द दिलाय.

लेगिनेम: मलाही दिला होतास.

वागिरान: चार माणसांत दिलाय! उद्या गाव काय म्हणेल? बहिणीनं डोळे वटारले आणि वागिराननं शब्द गिळला! पुढच्या हंगामाला कोण माझ्या ओसरीवर चढेल? तुला काय, तू बांधावर बसून रडशील आणि सगळी आळी तुझ्या बाजूनं होईल. मला बाजूच नाही!

लेगिनेम: मी रडत नाहीये, नीट बघ. मी चिडलेय. इतकी चिडलेय की हे पातं हातात धरवत नाहीये. आणि रागावलेल्या हातानं कापू नये, असं आई म्हणायची. तेही माझ्याकडून करवलंस तू.

वागिरान: मग कापू नकोस! घरी जा!

लेगिनेम: जातेच. दोन जुड्या झाल्यात. एक नवरा, एक नवरी. पेरल्यावर यातलं अर्धं गोगलगायी खातील, उरलेलं पाखरं. त्यातून जे वाचेल ते आईचं नशीब. पण एक ऐकून ठेव वागिरान. ही झोळी ओळखतोस? आईनं यातच तुला पाठीवर वागवलं, मग मी वागवलं. आता एकदा यात भात ठेवला की मी दारापर्यंत बोलणार नाही, ती रीत आहे. आणि दारातून आत गेल्यावर तुझ्याशी बोलेन की नाही, ते रीतीत नाही. ते माझ्यावर आहे.

वागिरान: धमकी देतेस?

लेगिनेम: नाही रे. सांगून ठेवतेय. तू मला सांगितलं नाहीस ना, म्हणून मी सांगतेय.

(लेगिनेम दोन्ही जुड्या झोळीत घालते, गाठ मारते आणि बांधावर चढते.)

वागिरान: जा! जा, जा! सगळ्या गावातून मिरव! सांग सगळ्यांना, भावानं लुटलं म्हणून!

दर्सोनो: काका, चालू करू का?

वागिरान: कर! वाट कसली बघतोस? … ताई! मागं वळून तरी बघ! ऐकू येत नाही का? चिडलीयस ना, मग शिव्या दे! इतका वेळ तोंडाचा पट्टा चालू होता, आता काय झालं?

दर्सोनो: काकू बोलत का नाहीत हो? बरं वाटत नाही का त्यांना?

वागिरान: बरं आहे तिला. तू तुझं काम कर. … ताई, तुझा तो फोडणीचा डबासुद्धा राहिलाय आमच्याकडं, तो कधी नेणार? … ताई, त्या बाजूनं जाऊ नकोस! पुढं बांध तुटलाय! परवाच्या पाण्यानं गेलाय तो, मी अजून भरला नाही! डावीकडून जा, डावीकडून!

दर्सोनो: घसरल्या, घसरल्या! गुडघ्यावर आल्या! जाऊ का मी?

वागिरान: थांब. हात लावायचा नाही तिला. … उठली?

दर्सोनो: उठल्या. गुडघा फुटलाय बहुतेक. झोळी तेवढी वर धरलीय त्यांनी, दोन्ही हातांनी. ‘आई गं’ म्हणूनसुद्धा ओरडल्या नाहीत हो!

वागिरान: नाही ओरडणार.

दर्सोनो: बाई खमकी आहे. बरं काका, उतरवतो मी मशीन. इंजिन तापलंय. तुम्ही जरा सरका.

वागिरान: बंद कर.

दर्सोनो: अं?

वागिरान: इंजिन बंद कर म्हणतो ना! ती वाटेतच आहे अजून. समोरून चाललीय, दिसत नाही का तुला? आवाज करू नकोस तिच्यामागं.

दर्सोनो: बरं, बरं, चिडू नका. केलं बंद. पण थांबायचं किती वेळ, ते तरी सांगा. मालक विचारतील मला.

वागिरान: ती बोलेपर्यंत.