कागदाला लाईट लागत न्हाई

न्हाई बाई, मला इचाराल तर कागदच बरा. कागदाला लाईट लागत न्हाई. एकदा पेपर हातात आला की आला — वरनं आभाळ फाटू दे, पोरीनं खाली मान घालून लिवायचं. हे काय हाय? समदी पोरं-पोरी परीक्षेला आत नेऊन बसवल्यात, आन मशीनं म्हनं चालूच होईनात. सरवर का काय ते बसलंय. त्यांना बाहेर येता येत न्हाई, आपल्याला आत जाता येत न्हाई. त्या वाचमनला मी इचारलं, तर म्हनतो, मावशी, मी फकस्त कुलपाचा मानूस, आतलं मला कायी म्हाईत न्हाई. घ्या. — बसा वो, हिकडं सरका, ह्या कट्ट्यावर अजून सावली हाय. नाव काय म्हनलात मघाशी? स्टेला. आन शाळंवर हायेत न्हवं, मंग मी बाईच म्हनते. तुमचा केविन आत, माझी सून आत. ज्ञानेश्वरी. आमी ज्ञानू म्हनतो. मी राहीबाई — पारनेरच्या वरल्या अंगाला गाव हाय आमचं, तुमी नाव ऐकलं नसंल.

कसं आत घेतलं बगितलं का तुमी? अंगठा घेतला, डोळ्याचा फोटू घेतला, केसातला चाप काढाया लावला. मनगटाला देवीचा दोरा हुता, त्यो त्या पोरीनं कात्रीनं कापला — कच्चकन. मी म्हनलं, अगं दोऱ्यात काय उत्तरं लिवल्यात का? तर म्हनती, आजी, नियम हाय.   ज्ञानू माझ्या पाया पडली आन गेली आत, मागं वळूनबी बगितलं न्हाई — आन नगंच बगाया, मीच सांगितलं हुतं बगू नको म्हनून — वाजू द्या. वाजू द्या तो फोन. कंपनीचा असंल. त्यांना दुसरा धंदा न्हाई.

तर मी कागदाचं सांगत हुते. मागं ती कागदावर बसली हुती एका भरतीला. म्हंजे एकटी न्हाई, दोघंबी बसले हुते, ती आन माझा गहिनीनाथ. एका गाडीवर गेल्ते नगरला, मी भाकरी बांधून दिलेल्या. लगीन नवं हुतं. लई चांगलं हुतं बाई तवा — त्यो दुधाचा टेम्पो चालवून यायचा, ही चुलीम्होरं बसून त्याला गनितं सांगायची, त्यो हसायचा. म्हनायचा, आये, तुझी सून मास्तरीन हाय. मला वाटायचं, असंच ऱ्हावं. तर त्या पेपरात ते गोल असत्यात न्हवं, काळे करायचे — आन खाली दुसरा कागद, त्याच्यावर छाप उठतो, त्यो घरी आनू देत्यात. मंग उत्तरं आली, तर दोघं जेवनं झाल्यावर बसले आपापला कागद घिऊन. ती वाचायची, त्यो टिक करायचा. मला वाचाया येत न्हाई, मी आपली तोंडं बगत हुते. तिचं तोंड उजळत चाललं, आन ह्याचं — मी भांडी घासाया उठले बाई. मला कळलं, हितं बसू ने.

ती पास हुती. त्यो लई मागं.  म्हनला, चांगलं झालं. आन मंग पंधरवड्यानं बातमी आली, पेपर फुटला हुता, कुनाच्या तरी मोबाईलवर आदल्या रातीच फिरत हुता, समदी परीक्षाच रद्द. म्हंजे जिनं रातं जागून केलं तिचंबी गेलं, आन ज्यानं इकत घेतलं त्याचंबी गेलं. ज्ञानू दिसभर गोठ्यात बसून ऱ्हायली. आन त्या दिशी गहिनीनाथ येताना भजी घिऊन आला. गरम. कागदात बांधून. म्हनला, खा गं, तोंड नको पाडू. ती खाईना. म्हनला, खा म्हनतो न्हवं. — मी पाटा घिऊन चटनी वाटाया लागले. भज्यासंगं चटनी पायजे म्हनून.

मंग काय, मंग ते घरातलं आलं. कोरोनात. कालेजं बंद, तिचं एम. ए.चं शेवटचं वरीस, परीक्षा मोबाईलवर, घरात बसून. तुमच्या शाळंतबी असंल तसंच. ऐकाया सोपं वाटतं — घरात बसून परीक्षा! पन बाई, ते लई वंगाळ. त्या मोबाईलचा डोळा तिच्यावर. मान वळवायची न्हाई, हिकडंतिकडं बगायचं न्हाई, कुनाशी बोलायचं न्हाई. खोलीत दुसरं मानूस दिसलं की ते वराडतं, लाल अक्षरं येत्यात, आन तीनदा वराडलं की पेपर बंद. आमच्या घरात खोल्या दोन. तिनं दान्याच्या कनगीवर मोबाईल टेकवून ठेवला, आमी समदे अंगनात. शेजारच्या छगनला मी हातानं खुनावलं, रेडिओ बंद कर. समदं गपगार. आन तेवढ्यात — शेळी शिरली मधी. झालं. मोबाईल वराडला, पेपर बंद. गेलं वरीस.

हसा, हसा. समदेच हसत्यात. मी कुनालाबी सांगितलं की हसत्यात.

आता हे तिसरं. काम्पुटर. सेंटरात जायचं, त्यांच्याच मशीनीवर करायचं. ज्ञानू म्हनती, आत्याबाई, हे बरं हाय, ह्यात पेपर फुटत न्हाई. फुटत नसंल. पन सकाळच्या पोरांना येगळा पेपर, दुपारच्यांना येगळा, उद्याच्यांना आनखी येगळा. एकाला सोपा, एकाला अवघड. मंग ते मार्क वरखाली करून सारखे करत्यात म्हनं. मी म्हनलं, म्हंजे डेअरीत फॅट लावत्यात तसंच की! घरनं दूध चांगलं घालावं आन मशीनीनं सांगावं पातळ हाय — भांडायचं कुनाशी? मशीनीशी? कागदाचा कागद तरी हातात येत हुता. ह्याचं समदं आतल्या आत. नंतर मोबाईलवर निकाल उघडतो, पन त्याला आधी नंबर यावा लागतो, त्यो ओटीपी. त्यो माझ्या ह्या डबड्यावर येतो. तिच्याकडं फोन न्हाई. — हुता. आता न्हाई. त्यानं घेतला. म्हनला, बायामानसाला काय करायचाय फोन. म्हनून आमी नंबर माझा दिला. टिंग वाजलं की मी परसाकडंला निघाल्यावानी निघते, ती धुनं घिऊन निघती, आन बोरीच्या आड मी तिच्याफुडं फोन धरते. असाच हा फारमबी भरला बाई आमी दोघींनी. त्याला म्हाईत न्हाई.

न्हाई, म्हंजे तसं न्हाई. तुमी तसं घिऊ नका. त्यो वाईट न्हाई. दारू न्हाई, बाईचा नाद न्हाई. ह्याचा बा गेल्यामागं ल्हानाचा मोठा केला मी त्याला, माझ्या पाठीवर बसून बाजाराला यायचा. त्याला फकस्त हे — परीक्षा म्हनलं की त्याच्या डोस्क्यात कायतरी — परत वाजला बगा. पिशवीत घालते तिकडं. ऐकूच नको याया.

आज? आज आमी डोळं तपासाया आलोय. मोतीबिंदूच्या दवाखान्यात. तसं सांगून निघालो सकाळच्या पारनेर-नगर गाडीनं. चारपातुर परत येऊ म्हनलं. आन आता हे सरवर बसलंय. मशीन बंद, उठाया परवानगी न्हाई, आन जेवढा येळ गेला तेवढा मागं वाढवून देनार म्हनं. तेवढी गाडी काय थांबती व्हय? तिला आतून सांगता येत न्हाई, मला बाहेरून सांगता येत न्हाई. तिला आत घड्याळसुदीक न्हाई. ती बसली असंल त्या काळ्या काचंकडं बगत, मनात गाडीचं गनित करत. आन मी हितं. धड जाता येईना, धड बसता येईना.

काय इचारलं? — शेळीचं? काय शेळीचं?

...तुमी मास्तरीन हायेत. तुमाला पोरांचं खोटं कळत असंल. शेळी न्हवती बाई. शेळी मी बांधून ठेवली हुती, दावं मी स्वता आवळलं हुतं. गहिनीनाथ गेला आत. मी म्हनलं, आरं पेपर चालू हाय. म्हनला, माझं घर हाय. गेला आन तिच्या पाठीमागच्या खाटंवर बसला. बनियनवर. बोलला न्हाई, वरडला न्हाई, नुस्ता बसून पाय हालवत ऱ्हायला. मोबाईलला दिसंल असा. ते वराडलं, एकदा, दोनदा. तिला मान वळवाया येईना — वळवली तर आनखी वराडंल — तर तिनं हात मागं केले, अशे, पाठीमागं, आन जोडले. मागच्या मागं हात जोडले बाई तिनं त्याला. तोंड मोबाईलकडं, डोळं पेपरावर, आन हात मागं जोडल्याले. त्यो बगत ऱ्हायला त्या हातांकडं. हालला न्हाई. मला ऱ्हाववंना. मी दारातनं वरडले, ऊठ मुडद्या, भाईर हो! — तर त्या मोबाईलनं माझा आवाज धरला. परकं मानूस बोलतंय म्हनं खोलीत. लाल अक्षरं. तिसऱ्यांदा. बंद. माझ्या वरडन्यानं गेला त्यो पेपर. गप ऱ्हायले असते तरी गेला असता, वरडले तरी गेला. मंग सांगा, मी काय करायचं हुतं?

म्हनून मघाशी मी ह्या कुलपाला शिव्या घातल्या न्हवं — त्या आपल्या वरवरच्या. खरं सांगू? त्यांनी गेट लावलं आन साखळी घातली, तवा माझ्या जिवाला जरा थंड वाटलं. म्हनलं, आता कुनी येऊन तिच्यामागं खाटंवर बसत न्हाई. सरवर बसू दे न्हाईतर उठू दे, तिथं त्यो न्हाई.

आन हातावर हे काय बगताय? हे — हे चुलीनं भाजलं. न्हाई. बरं, न्हाई चुलीनं. मी मधी पडले एकदा. त्याचा रोख माझ्यावर न्हवता, मी मधी आले म्हनून. पोटचा हाय बाई त्यो. ही पास झाली की हिची नोकरी कुटंबी लागंल, गडचिरोली म्हना, कुटंबी. मी तिला म्हनलंय, जा. मागं बगू नको. ती म्हनती, तुमीबी चला आत्याबाई. कशी जाऊ? त्याला कोन भाकरी घालील? आन ऱ्हाऊ तरी कशी? ती गेली की घरात त्यो आन मी. त्यो म्होरल्या खोलीत, मी चुलीपशी. रातचं दार वाजलं की मी आता दचकते, पन आता तिकडं दुसरं कुनी जागं असतं. तिचाबी श्वास ऐकू येतो. ती गेल्यावर — देवाला म्हनते, पास कर तिला. आन ते म्हनताना माझाच गळा मीच धरल्यावानी वाटतं. — पान्याची बाटली हाय का वो तुमच्याकडं? द्या जरा.

हा पिशवीतबी ऐकू येतोय. सारखा वाजाया लागला. घेते. न्हाई घेतला तर — घेते. तुमी बोलू नका कायी.

हॅलो. व्हय रं. पिशवीत हुता, ऐकाया न्हाई आला. थेंब टाकल्यात डोळ्यात, दिसंना झालंय. ज्ञानू? हाय की. हितंच हाय. गोळ्या आनाया गेली खाली... कुटं? ...तू कुटं हायेस? ...दवाखान्यात? कवा आलास? टेम्पो घिऊन? ...कोन म्हनलं आमी न्हाई तिथं? आरं लई गर्दी हाय, आमाला मागच्या दुसऱ्या इमारतीत धाडलं. तुला न्हाई सापडनार. तू हालू नको. तू तिथंच पायरीवर बस, मी येते. एकटीच येते म्हंजे — ती येईल मागनं. मी येते म्हनलं न्हवं गहिनीनाथ. चा पी तवर.

...

दवाखान्यात बसलाय. मी गेले तर तिथंच ऱ्हाईल, न्हाई गेले तर इचारत इचारत हितं येईल. ऐका बाई. चित्त देऊन ऐका. ती बाहेर आली की — पिवळी ओढनी हाय, हाडकुळी हाय, तुमी बगितलीय तिला — तिला म्हना, पारनेरच्या गाडीत बसू नको. तारकपूरच्या स्टँडावर जा, कोपरगावची गाडी धर. तिचा भाऊ हाय तिथं, कल्याण, साखर कारखान्यात. त्यो मागं म्हनला हुता, कवाबी ये. तीच गेली न्हाई, माझ्यापायी. आन म्हना, आत्याबाईला फोन करू नको. फोन आता माझ्या हातात ऱ्हायाचा न्हाई. ओटीपीचा नंबर बदल म्हना, भावाचा दे. बदलता येतो न्हवं? तुमी इचारा कुनाला तरी. केविनला इचारा.

माझं काय? माझं मी बगते. ती कुटं म्हनून इचारील, मी सांगंन म्हाईत न्हाई. सांगत बसंन. रात पडस्तवर सांगंन. तवर ती राहुरीच्या फुडं गेली असंल.

डोळं लाल दिसाया पायजेत न्हवं, थेंब टाकल्यावानी? दिसत्यात? बरं हाय मंग.

न्हाई, तुमी उठू नका. तुमी अजिबात उठू नका बाई, गेट उघडलं आन तुमी नसल्या तर? तिकडं तोंड करून बसा. माझ्याकडं बगू नका. — ए रिक्षा! थांब रं, थांब.