शेजाऱ्यानं पानी सोडलं

नीतू: जावळ? कोनाचं जावळ जी बाबा?

उमराव: कोनाचं म्हंजे? आपल्या स्वप्निलच्या पोराचं! मंग मी का तळ्याच्या पाळीवरची बेशरमाची झाडं उगीच तोडून राहिलो होतो? पाय ना, बोडीची पाळ कशी चकाचक केली. सुखराम न्हाव्याले बी सांगून ठेवलं, बुधवारी सकाळीच वस्तरा घेऊन ये बाप्पा, नातवाचं पहिलं डोकं आहे.

नीतू: तुमी बोलले स्वप्निलशी?

उमराव: मी कायले बोलू? समाजाच्या बैठकीत चार लोकाइच्या समोर म्हनलं होतं ना. आपल्या मनानं दुसऱ्या जातीतली बायको करून आनली, आता ह्या पोट्ट्याशी एक शब्द बोलनार नाई. चार वर्सं झाली. उमराव शब्दाचा पक्का आहे.

नीतू: ते माहीत आहे. आईच्या मातीले आला होता तवा बी तोंड फिरवलं तुमी. मंग जावळाचं कोनी सांगतलं तुमाले?

उमराव: त्यानंच. गेमात.

नीतू: कोनत्या गेमात?

उमराव: आता घ्या! तू गोंदियाले सासरी का गेली, सारंच भुलली? 'हिरवं शिवार' नाई का? तुझ्या मायनंच लावून देल्ला होता मले. अंथरुनावर पडल्या पडल्या खेळे. चौघाइच्या जमिनी लागून लागून घेतल्या तिनं. एका टोकाले तुझी, मंग तिची, मंग माझी, माझ्या बाजूले स्वप्निलची.

नीतू: हो, पता है मले. पन बाबा, तुमी अजून खेळता तो?

उमराव: मंग? तू हसत होती मले. म्हने खरी बोडी सोडून बाबा मोबाइलातली बोडी भरतेत. पन बनवनारा मानूस आपल्याकडचाच असन असा खेळ होता तो. बोडी होती, धानाच्या बांध्या होत्या, बोडीले पानी सोडाचं तुडूम होतं. मी तुडूम काढलं की पानी नालीनं शेजाऱ्याच्या बांधीत जाय. त्यानं नाई सोडलं तं माझं धान वाळे. अगदी आपल्यासारखं. आपले कोहळी लोक काऊन बांधत होते तलाव? एकट्यासाठी कोनी बांधते का?

नीतू: आनि स्वप्निल तुमाले पानी सोडे?

उमराव: रोज. मी 'बोडीवाला' नावानं, तो 'वाघोबा' नावानं. त्याले माहीत होतं मी कोन, मले माहीत होतं तो कोन. पन कोनी म्हनलं नाई. तो लिवे, राम राम शेजारी. मी काई लिवत नव्हतो. मी पानी सोडो.

नीतू: काऊन, 'राम राम' बी नाई लिवलं?

उमराव: लिवनं म्हंजे बोलनंच नाई का? शब्द तो शब्द. पान्याले का शब्द राहते? पानी सोडाले बैठकीत कोनी मना केलं नव्हतं.

नीतू: तुमी बी ना बाबा! बरं, जावळाचं सांगा.

उमराव: दिवाळीत आलं त्याचं. 'शेजारी, राम राम. पोराचं जावळ तुमच्या बोडीवर काढावं म्हणतो. संक्रांत झाली की बुधवारी. तुमचं काय म्हणणं?' मले तं झोपच नाई आली पोरी. छाती अशी भरून आली का विचारू नको. दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो, तोंड बी नाई धुतलं, पुरी बोडी सोडून देल्ली त्याले. माझ्या धानाले थेंब नाई ठेवला. बोडी ज्याच्यासाठी खाली केली, तो आपला. कोहळ्याच्या पोराले इतकं नाई समजन तं कोनाले समजन?

नीतू: आनि त्याले समजलं?

उमराव: समजलं म्हंजे? त्याच दिवशी खबर आली मोबाइलात. 'शेजाऱ्याने पाणी सोडले आहे.' तवापासून एक दिवस खाडा नाई. रोज सकाळी येते. मी तं आता चहा बी मंगच पेतो.

नीतू: बाबा, त्या दिवशी सकाळी गेम कसा दिसत होता? बदलला होता काय?

उमराव: हो, त्याच रातीले बदलला. 'नवीन शिवारात स्वागत' म्हने. कायचं स्वागत! खेळाची सारी मजाच काढून टाकली त्याइनं. घरोघरी बोर देल्ला, मोटर आपली आपली. धान आता वाळतच नाई. मंग पिकलं का आनि नाई पिकलं का, कोनाले का फरक पडते? बोडीत कमळं टाकली, बदकं टाकली. तुडूम काढलं तं फवारा उडते. लिवाची जागा होती, ते बी गेली, आता नुसतं हात जोडलेलं चित्र. गावातल्या यादोरावनं खेळ सोडला, पलीकडच्या आळीतल्या पोट्ट्याइनं सोडला. मले बी कटाळा येते, खरं सांगतो. पन स्वप्निल आहे ना तिथं. म्हून टिकून आहो.

नीतू: फवारा उडते, मंग ते पानी जाते कुठं?

उमराव: जाते कुठं? शेजाऱ्याकडं.

नीतू: नाई जात बाबा. नाली काढून टाकली ना त्याइनं, बदलला तवा सगळ्याइले कळवलं होतं. बोडी आता नुसती शोभेची आहे. तुमी सोडलं ते कोनाकडंच नाई गेलं.

उमराव: काईबी नको बोलू. मंग मले कोन सोडते रोज?

नीतू: कोनीच नाई. ते खबर आपल्या मनानंच येते, कंपनीवाले धाडतेत. सगळ्याइले येते. लोकाइनं रोज गेम उघडावा म्हून.

उमराव: लबाड बोलून राहिली तू. स्वप्निलनं येऊ नये असं वाटते काय तुले?

नीतू: बाबा! माझा भाऊ आहे तो. बसा इथं. हा माझा मोबाइल. मी हा गेम कवाचाच सोडला, उघडत बी नाई. पन काढून नाई टाकला, आईनं लावून देल्ला होता म्हून. हे पाहा. वाचा काय लिवलं आहे. आज सकाळचं आहे.

उमराव: 'शेजाऱ्याने पाणी सोडले आहे.'

नीतू: माझा शेजारी कोन आहे बाबा?

(उमराव चष्मा पुसून पुन्हा वाचतो.)

नीतू: आईले जाऊन दोन वर्सं होऊन राहिली. तिचा मोबाइल तुमीच कपाटात ठेवला. तरी रोज येते तिचं पानी.

उमराव: रोज?

नीतू: रोज.

उमराव: म्हंजे माझं पानी त्याले पोचलंच नाई.

नीतू: नाई.

उमराव: आनि तवापासून त्यानं बी एकदा सोडलं नाई. मी आपला येड्यासारखा सकाळी उठून, चष्मा लावून... जाऊ दे. तरी येईन तो. विचारलं होतं ना त्यानं? बुधवार त्यानंच काढला होता. आज सोमवार. तू त्याले सांग, बाबा हो म्हनतेत.

नीतू: बाबा...

उमराव: सांग ना! तुझ्याशी तं बोलते तो.

नीतू: जावळ झालं, बाबा. दिवाळीनंतर, मंडईच्या जत्रेच्या दिवशी. चिचगडले, त्याच्या बायकोच्या, संध्याच्या माहेरी. मामाच्या मांडीवर बसवलं होतं.

उमराव: तू होती तिथं?

नीतू: होती.

उमराव: आनि मले सांगतलं नाई. दोनदा येऊन गेली तू तवापासून. ह्याच खाटेवर बसून भात जेवली.

नीतू: कसं सांगू? तुमीच म्हनलं होतं, त्याचं नाव ह्या घरात काढाचं नाई. एकदा काढलं तं ताट सरकवून उठून गेले होते तुमी. मले का माहीत तुमी मोबाइलात पानी सोडून बसले आहा?

उमराव: रडला काय पोरगा?

नीतू: लय रडला. मंग हातात बताशा देल्ला तं चूप झाला. कान तुमच्यासारखे आहेत, मोठे मोठे. डोकं केल्यावर तं सगळे हसले, म्हने पुरा आजोबा.

उमराव: कोन म्हनलं?

नीतू: स्वप्निलच म्हनला.

उमराव: फोन लाव त्याले.

नीतू: आनि शब्द तुमचा?

उमराव: चुलीत गेला शब्द! लाव म्हनतो ना.

नीतू: लावते, लावते. थांबा, आवाज मोठा करते. हं, वाजून राहिला.

स्वप्निल: हां ताई, बोल. जल्दी बोल. नागझिऱ्याच्या जंगलाच्या गेटवर उभा आहे, सफारीच्या गाड्या सोडून राहिलो.

नीतू: बाबा आहेत माझ्याजवळ. बोलतो म्हनतेत.

स्वप्निल: बाबा? काय झालं? तब्येत तर बरी आहे?

उमराव: मी बोलून राहिलो. तब्येतीले काई नाई झालं.

स्वप्निल: मग?

उमराव: ते जावळाचं. मी हो म्हनलं होतं, बाबू.

स्वप्निल: कधी?

उमराव: तवाच. दिवाळीत. पुरी बोडी सोडली होती तुले.

स्वप्निल: गेममधली? बाबा, तो गेम तर मी तेव्हाच डिलीट मारला. बकवास करून टाकला होता सगळा. आणि खरं सांगू, तुमच्यासाठीच ठेवला होता मी तो. विचारलं, चार-पाच दिवस वाट पाहिली. बांधी कोरडी नाही, ओली नाही, काहीच समजेना. म्हटलं, ठीक आहे. समजलो आपण.

उमराव: पोचलं नाई ते. नाली बुजवून टाकली त्याइनं.

स्वप्निल: फोन होता ना बाबा. नंबर तोच आहे माझा. चार वर्षं तोच आहे.

उमराव: हं.

स्वप्निल: संध्यानं तर बोडीवर जायची तयारी पण केली होती. पोराला नवीन टोपी आणली होती. तिला काय सांगू मी, की माझे बाबा पाण्यानं बोलतात?

उमराव: आता ये ना. पाळ साफ केली मी सारी. तिले बी घेऊन ये. पोराले घेऊन ये. जावळ नसलं तं नसलं. नुसते या.

स्वप्निल: आता सीझन आहे बाबा. सुट्टी नाही देत इथं.

उमराव: मंग सीझन झाल्यावर?

स्वप्निल: पाहू.

उमराव: होळीले?

स्वप्निल: पाहू म्हटलं ना. ठेवतो, गाड्यांची लाईन लागली आहे.

नीतू: ठेवला त्यानं. पाहा, बोलला तरी ना बाबा? चांगला बोलला. पाहू म्हनला म्हंजे येईन तो.

उमराव: नाई येत.

नीतू: काऊन नाई येत? उगीच वाईट कायले बोलता?

उमराव: तुझी माय ह्याच खाटेवरून रोज म्हने, पोराले बोलवा जी, मले पाहाचा आहे. मी बी तिले हेच म्हनो. पाहू.