थिनरच्या पिंपांची आरती

देवाधर्माला मी कधी आडवा गेलो नाही. एकदाच गेलो. धुळ्याच्या रंगाच्या कारखान्यात मी राखणदार. दसऱ्याला शेठने यंत्रांबरोबर थिनरच्या पिंपांनाही हार घातले. भटजींनी गोदामातच कापूर काढला. मी त्यांचा हात धरला.

"याची नुसती वाफही पेट घेते. आरती बाहेर करा."

"आबा, ज्योतीशिवाय देवी प्रसन्न कशी होणार?"

"मग लावा. सगळे मिळूनच तिच्याकडे जाऊ."

भटजी ताट घेऊन थेट रस्त्यापलीकडे पळाले. तिथूनच पिंपांकडे तोंड करून आरती झाली. सोनगीरला निघालेल्या एका बाईने थांबून हात जोडले.

"कोनता देव शे, आबा?"

"थिनरबाबा. भलता जागृत शे. काडी ओढी की लगेच दर्शन देस."