सोवाका!

मंडळी, एक विचारतो, खरं सांगा! होमात आपण तूप ओततो, समिधा टाकतो. त्यात आपलं असं काय जातं हो? दुकानातून आणलं, अग्नीत टाकलं. झाला त्याग?

ऐका तर! सदानंद पर्वते, कुडाळचे. देवीच्या होमाला दरवर्षी हेच यजमान. एकुलती लेक वैजू जपानला शिकायला गेली — आणि तिथे गाडीने उडवलं पोरीला! आईबाप धावले. पाहतात तर छाती हलतेय, पण हलवतंय यंत्र! डॉक्टर म्हणाले, "मेंदू गेलाय. यंत्र काढू का, तुम्ही सांगा."

पर्वते ओरडले, "हात लावाल तर खबरदार! माझी आहे ती!"

तेव्हा वैजूची घरमालकीण, फुमिकोबाई, दोघांना डोंगरावरच्या देवळात घेऊन गेली. तिथले बौद्ध भिक्षू होम करतात, मंडळी! आपलाच होम — तिकडे जाता जाता त्याचा 'गोमा' झाला! हसताय काय? आपण तरी त्यांची नावं कुठे धड घेतो? वेदीमागे अचलदेव — हातात तलवार, दात बाहेर, पाठीशी ज्वाळा! ढोल असा घुमतो की बसल्या जागी काळीज हादरतं. रीत अशी, की लाकडाच्या पट्टीवर नाव आणि मागणं लिहायचं, आणि पट्टी अग्नीत द्यायची. बापाने लिहिलं — 'वैजयंती. जगू दे.'

भिक्षूने पट्टी अग्नीत सोडली आणि गर्जला, "सोवाका!"

अहो, सोवाका म्हणजे स्वाहा! आणि स्वाहा झालं की यजमानाने काय म्हणायचं, ही जन्माची सवय! पर्वत्यांच्या तोंडून आपसूक निघालं — "इदं न मम!"

हे माझं नाही! कशाबद्दल म्हणाला बाप? पट्टीवर नाव कुणाचं?

किंचाळले पर्वते! कठडा ओलांडून ज्वाळेत हात घातला! हात भाजला, पट्टी गेली. "कुमुद, मी काय बोलून बसलो गं!"

बायको रडत रडत म्हणाली, "खरं तेच बोललात. आता सोडा तिला. दमलीय हो ती."

तसेच दवाखान्यात गेले. डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "काढा." भाजल्या हातात लेकीचा हात घेऊन बसले. यंत्र थांबलं. छाती थांबली.

वाट बघताय ना, आता पोरगी डोळे उघडेल? नाही उघडले! गेली, मंडळी, लेक गेली! तिला सोडणं त्या बापाला किती जड गेलं असेल, त्याचा विचार माझ्याने करवत नाही.

आज घरी जाल. लेकरं झोपली असतील. त्यांच्या डोक्यावर हात ठेवा, आणि तेच तीन शब्द म्हणून बघा. मी म्हणायला गेलो होतो काल — जीभच उचलेना.