हुकूम सांगून झाल्यावर

माझा जन्म निघोज्याचा. बाप लोकांच्या बांधावर राबायचा, आई गवताचा भारा घेऊन चाकणला जायची, आन् मला नीट कळायच्या आत लगीन लावून दिलं पवनेकाठच्या गावात. गावाचं नाव नका विचारू ताई, आता तिथं कारखान्याची भिंत हाय, नाव घेऊन काय करायचं. आमची वस्ती ओढ्यापल्याड, गावापासनं वायली. आमच्या मालकांचं नाव धोंडिबा. दवंडी द्यायचं काम त्यांच्या घरात पहिल्यापासनं, त्यापायी ओढ्याकाठी जमिनीची एक पट्टी मिळालेली, तेवढीच आमची.

आवाज म्हणाल तर असा, नदीपल्याड मोट हाकणारा माणूस बैल थांबवून ऐकायचा. कुणाची म्हैस हरवू दे, देवी टोचायला डॉक्टर येऊ दे, धोंडिबाच्या तोंडून ऐकल्याबिगार गावाला खरं वाटायचं न्हाई. स्वराज्य आलं ती दवंडी बी त्यांनीच दिली. मी नवी नवरी, दारात उभी राहून ऐकत व्हते. ऐका हो ऐका, आजपासनं राज आपलं हो, असं म्हणाले आन् मग हलगी थांबेचना, सासूनं हाताला धरून घरात आणलं. लई आनंदी माणूस व्हता ओ.

मग पुढं काही वर्सांनी सरकारचा कारखाना येणार म्हणून जमिनी मोजायला माणसं आली. साखळ्या टाकल्या, चुन्याच्या खुणा केल्या आन् गेली. कुणाचं जाणार, कुणाचं राहणार, कुणी सांगंना. नुसतं म्हणायचे, नकाशात हाय सगळं. मालक तलाठ्याकडं गेले, म्हणाले, भाऊसाहेब, आमची पट्टी त्यात हाय का तेवढं दावा. तो म्हणाला, नकाशा कचेरीत हाय, मला काय विचारतोस. मग पायी पायी कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, सरकारी कागद येईल त्याला उघडून दावायचा नसतो, आन् तू कोण विचारणार, तुझं काम हलगी बडवायचं. त्या दिवशी घरी आले ते भाकरी पुढ्यात घेऊन नुसते बसले. मी म्हटलं, खावा की. म्हणाले, आगं, आपलंच घर जाणार का राहणार, हे आपल्याला सांगायला ह्यांचं काय जातं?

आन् मग पाटलानं बोलावून हुकूम दिला, उद्या साहेब चावडीवर येणार, सगळ्यांनी संमतीचे अंगठे द्यायला यावं, दवंडी दे. मालक निघाले. मी पाण्याला चाललेली, मागंच व्हते. हुकूम सांगितला जसाच्या तसा, एक शब्द कमी न्हाई का जास्त न्हाई. एरवी हुकूम झाला की हलगी थांबायची, तशी थांबली न्हाई. म्हणाले, हा झाला सरकारचा हुकूम, आता धोंडिबाचं ऐका हो, नकाशा कुणी दावला न्हाई, नकाशा बघितल्याबिगार अंगठा देऊ नका हो. मी पाण्याची वाट सोडून त्यांच्या मागं मागं गेले. काय सांगू तुमाला, प्रत्येक आळीत तेच बोलले, पाटलाच्या दारासमोर बी बोलले.

दुसऱ्या दिवशी साहेब जीपगाडीतनं आला, शाईची डबी उघडून बसला, कुणी पुढं होईना. साहेबानं विचारलं, कुणी शिकवलं तुमाला? सगळे खाली बघाया लागले. मालक आपणहून उठले, म्हणाले, मी सांगितलं. साहेब म्हणाला, सरकारच्या हुकमात स्वतःचं घालतोस? मालक म्हणाले, साहेब, राज आपलं झालं ही दवंडी तुमीच माझ्याकडनं देवविली, मग आपल्या राजातला कागुद आपल्याला का दावत न्हाई? साहेबानं शाईची डबी मिटली. शिपायांना खूण केली. लोकांना भडकवलं म्हणून घेऊन गेले, हलगी बी पुरावा म्हणून नेली. मी गाडीमागं पळाले वं, पार ओढ्यापतोर पळाले. गाव नुसतं बघत उभं व्हतं.

पर अंगठे कुणी देईना. शेवटी साहेबाला नकाशा आणावा लागला. चावडीच्या वट्ट्यावर पसरला, निळा कपडा आन् त्यावर पांढऱ्या रेघा. पाटील वाकून बघत व्हते, गुरुजी बघत व्हते. आमच्या वस्तीला वट्ट्यावर चढू दिलं न्हाई, आमी लांबनं टाचा वर करून बघितला. पाटलाच्या आमराईतनं रेघ जात व्हती, त्यांनी हरकत घेतली, अर्ज झाला, आमराई वाचली. गावात पेढे वाटले. धोंडिबाचं नाव कुणी काढलं न्हाई. आन् आमाला एक दिवस सांगितलं, वस्ती उठवा. रेघ पहिल्यापासनं आमच्यावरनं जात व्हती का आमराई सोडून आमच्यावर आली, देवाला ठाऊक.

मालक सुटून आले तवा घर न्हवतं, तारेचं कुंपण व्हतं. आमी माळावर झोपडी घातलेली, विचारत विचारत तिथं आले. पार वाळलेले, खोकला लागलेला. मी सगळं सांगितलं. म्हणाले, नकाशा उघडला न्हवं लोकांपुढं? म्हटलं, व्हय, उघडला. म्हणाले, मग झालं. आन् तोंड फिरवून रडले, हुंदका बाहेर पडू दिला न्हाई.

दवंडीचं काम दुसऱ्याला दिलं. हलगी मागायला कितींदा चौकीवर गेले, सापडत न्हाई म्हणायचे. मग त्याच कारखान्याच्या बांधकामावर दगड वाहिले. खोकला काही गेला न्हाई. कारखान्याचा भोंगा पहिल्यांदा वाजला, त्या पावसाळ्यात मालक गेले. शेवटी शेवटी पाणी मागायचं तरी हातानं दावायचे.

पदरात एक लेक व्हती, तिला मी एकटीनं वाढवलं. आता तिच्याच घरी, भोसरीत असते. ती म्हणते, आई, कशाला उकरून काढतीस. पर तुमी आलात, बसलात, मधी तोडलं न्हाई. मी एवढं बोलले आन् दारात कुणी शिपाई आला न्हाई, बघा. मालकांना एवढंच पायजे व्हतं. जा ताई, ऊन चढायच्या आत घरी पोचा. तुमाला जे विचारावं वाटंल ते विचारत ऱ्हावा, आन् तुमाला कुणी गप बस म्हणू नये, एवढंच माझं मागणं हाय.