घरच्या मुलाला बिअर दिल्याबाबत

नाव: प्रतिमा पुरुषोत्तम सबनीस. वय: सहासष्ट. धंदा: निवृत्त शिक्षिका, सध्या नातवंडं सांभाळणे आणि रविवारी महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळेत शिकवणे, दोन्ही बिनपगारी. राहणार: मुलगा शंतनू याच्याकडे, प्लेनो, टेक्सास. मूळ गाव सातारा.

मी आज सोमवारी सकाळी ब्लूस्टेम युनिव्हर्सिटीच्या पोलीस ऑफिसात स्वतःच्या पायांनी येऊन सांगते की, खालील मजकूर मी मराठीत लिहीत आहे. ऑफिसर रामिरेझबाई म्हणाल्या, ज्या भाषेत नीट सांगता येईल त्या भाषेत लिहा, इंग्रजी आम्ही करून घेऊ. माझे वडील सातारा पोलिसात हवालदार होते. जबाबात काय लिहायचं आणि काय गाळायचं नाही, हे मला कोणी शिकवायची गरज नाही. तरी येताना गाडीत ते शिकवण्याचा प्रयत्न झाला. त्याबद्दल पुढे लिहिते.

युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल स्टेडियममध्ये खाण्याचे स्टॉल असतात. ते नोकर लोक चालवत नाहीत. कुठलं चर्च, कुठल्या शाळेचा बँड, कुठलं मंडळ, असे लोक येऊन फुकट राबतात आणि विक्रीतला काही हिस्सा त्या संस्थेला मिळतो. आमच्या मंडळाकडे तीन वर्षं एक स्टॉल आहे. त्यातून मराठी शाळेच्या हॉलचं भाडं निघतं. तीन वर्षं आम्ही नाचो, हॉटडॉग आणि पाणी विकलं आणि कुणाच्या बापाचं काही बिघडलं नाही.

यंदापासून युनिव्हर्सिटीने स्टेडियममध्ये बिअर विकायला परवानगी दिली. ज्या मैदानात निम्म्याहून जास्त प्रेक्षक एकवीस वर्षांच्या आतले, तिथे बिअर मांडायची, आणि ती पोरांच्या हाती लागू नये म्हणून आम्ही पहारा करायचा. ही अक्कल कोणाची ते मला माहीत नाही. त्यांचं म्हणणं असं की, आत मिळाली की लोक बाहेर पार्किंगमध्ये ढोसून येत नाहीत. खरं सांगायचं तर यंदा गेटजवळ ओकणारे कमी दिसले. जे आहे ते आहे. पण म्हणून ती मराठी शाळेने विकावी का, हा प्रश्न उरतोच.

मंडळाच्या कार्यकारिणीत यावर सभा झाली. मंडळाचे अध्यक्ष अतुल कारखानीस हे मोठ्या कंपनीत मॅनेजर आहेत. ते म्हणाले, "काकू, आपण पीत नाही, विकतो. बिअरचा स्टॉल घेतला तर शाळेचं वर्षभराचं टेन्शन जातं." मी म्हणाले, मुलांना ग म भ न शिकवायचं आणि त्याचं भाडं बिअरवर काढायचं, हे मला पटत नाही. मी विरोधात हात वर केला. आणखी चार जणांनी केला. ठराव पास झाला. मग कोणीतरी म्हणालं, "ज्यांना एवढी काळजी आहे त्यांनीच लक्ष ठेवावं ना." झालं. ज्या बाईने नको म्हटलं तिच्याच गळ्यात स्टॉल मारला. बाकीच्या चार विरोधकांनी नाचोची ड्युटी मागून घेतली.

मी ऑनलाइन कोर्स करून बिअर विक्रीचं सर्टिफिकेट घेतलं. त्यात एकच गोष्ट दहा वेळा सांगितली आहे: समोर कोणीही असो, वय एकवीस पूर्ण आहे हे आयडीवर बघितल्याशिवाय द्यायची नाही. राधिका मगदूम हिनेही तो कोर्स केला. राधिका सांगलीची. इथे एमएसला आहे, शेवटची सेमिस्टर. तिला ऑस्टिनच्या एका कंपनीत नोकरी मिळाली आहे, पदवी झाली की रुजू व्हायचं. स्टुडंट व्हिसावर आहे. मंडळात कोणाचं काम अडलं की राधिकाला फोन जातो, कारण ती नाही म्हणत नाही.

शनिवारी दुपारची मॅच होती. उन्हाने स्टॉलचा पत्रा तापला होता. बिअरच्या कॅश रजिस्टरवर राधिका होती, तिच्या नावाने लॉगिन केलेलं. मी तिच्या शेजारी उभी होते. अतुल मागच्या टेबलावर नाचोवर चीज ओतत होते. राधिका प्रत्येकाचा आयडी बघत होती. काठी टेकत आलेले एक पांढऱ्या केसांचे आजोबा होते, त्यांनाही तिने मागितला. ते हसत म्हणाले, गेल्या चाळीस वर्षांत माझा एवढा मान कोणी केला नव्हता. एवढं चोख काम चाललं होतं.

हाफटाइमला रांग पार जिन्यापर्यंत गेली. स्टेडियमचा सुपरवायझर दोनदा येऊन "मूव्ह द लाइन" म्हणून गेला. तेवढ्यात अतुल यांचा मुलगा नील दोन मित्रांबरोबर काउंटरवर आला. नील त्याच युनिव्हर्सिटीत शिकतो. लहानपणी माझ्याच वर्गात होता. त्याने एक बिअर मागितली. राधिका म्हणाली, "नील, आयडी दाखव." तो म्हणाला, "कमॉन ताई, यू नो मी. इट्स इन द कार."

ऑफिसरांनी विचारल्यावरून सांगते की, यानंतरचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात.

राधिका त्याला म्हणाली, "मग गाडीतून घेऊन ये." त्यावर अतुल मागून म्हणाले, "अगं, त्याला एकविसावं लागलंय. घरचाच मुलगा आहे. दे त्याला, लाइन बघ केवढी झालीय." राधिकाने त्यांच्याकडे बघितलं आणि मग माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "काकू?"

मी म्हणाले, "दे."

का म्हणाले, असं ऑफिसरांनी मला दोनदा विचारलं. पोराचा बाप स्वतः सांगतोय म्हटल्यावर माझा हात ढिला पडला. एकविसावं लागलं म्हणजे वीस पूर्ण झाली आणि एकवीस व्हायची आहेत, हे माझ्यासारख्या शिक्षिकेला कोणी सांगायला नको. आमच्याकडे वय असंच सांगतात, चालू वर्ष धरून. मला ते कळत होतं. पण रांग होती, सुपरवायझर होता, आणि आपल्याच अध्यक्षाच्या मुलाला सगळ्यांसमोर परत पाठवायचं कसं, असंही वाटलं. परक्या आजोबांना आयडी मागताना मला जराही लाज वाटली नव्हती. घरच्या पोराला मागताना वाटली. त्या लाजेपायी मी त्या मुलीला खड्ड्यात घातलं.

राधिकाने बिअर दिली. पाच-दहा मिनिटांत साध्या कपड्यांतले दोन पोलीस नीलला वरच्या गॅलरीतून घेऊन स्टॉलवर आले. त्याचा आयडी गाडीत नव्हता, खिशात होता. तो वीस वर्षांचा निघाला. पोलिसांनी विचारलं, हू सोल्ड धिस? रजिस्टरवर राधिकाचं नाव होतं. ती म्हणाली, "आय डिड." तिला बाजूला नेलं, प्रश्न विचारले आणि हातकड्या घालून घेऊन गेले. सगळी रांग फोन काढून बघत होती. अतुल चीजचा डाव हातात धरून उभे होते. मीही पुढे झाले नाही. मला वाटलं, अध्यक्ष बोलतील. जाताना राधिका मला म्हणाली, "काकू, माझ्या आईला कळवू नका." त्यानंतर आम्ही पुन्हा नाचो विकायला लागलो. हे लिहिताना मला माझीच किळस येते.

राधिका त्याच संध्याकाळी सुटली, पण गुन्हा तिच्यावर दाखल आहे. तो शाबीत झाला तर व्हिसा जाईल, व्हिसा गेला तर नोकरी जाईल, हे युनिव्हर्सिटीच्या परदेशी विद्यार्थ्यांच्या ऑफिसने तिला रविवारीच फोनवर सांगितलं आहे. रविवारी सूनबाईंनी मला तिच्या खोलीवर नेलं. तिने पोलिसांना सांगितलं आहे की चूक तिची, गर्दीत लक्ष राहिलं नाही. मी म्हटलं, खरं का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "अतुलकाकांचं आणि तुमचं नाव कसं घेणार मी? तुम्ही मोठे आहात." मूर्ख मुलगी. मला राग आला आणि त्याहून जास्त रडू आलं. असल्या मोठेपणाला आग लागो.

आता गाडीतलं सांगते. मला हायवेवर गाडी चालवता येत नाही. शंतनू कामासाठी कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला आहे. सूनबाईंना आज रजा नव्हती. अतुल स्वतः म्हणाले, मी नेतो काकू. प्लेनोपासून इथपर्यंत पाऊण तास ते बोलत होते आणि मी ऐकत होते.

ते म्हणाले, "काकू, तुम्ही स्ट्रेस घेऊ नका. सिम्पल आहे. तुम्ही फक्त एवढंच सांगा की गर्दीत राधिकाच्या लक्षात राहिलं नाही. तिनेही तेच सांगितलंय, मॅच होतं. स्टुडंट आहे, फर्स्ट टाइम आहे, लीनियंट असतात." मी विचारलं, आणि तुम्ही म्हणालात ते? ते म्हणाले, "मी खोटं काय बोललो? एकविसावं लागलंय म्हणालो. लागलंयच." पुढे म्हणाले की, टेक्सासमध्ये आई-बाप समोर असतील तर मुलाने प्यायलेली चालते. मी म्हटलं, बाप नाचोवर चीज ओतत होता आणि पोरगं वरच्या गॅलरीत होतं. शिवाय ते पिण्याबद्दल झालं, विकण्याबद्दल नाही. तुम्हीही तो कोर्स केला असतात तर कळलं असतं. त्यावर म्हणाले की, त्यांचं नाव आलं तर कंपनीत विचारतील, मंडळाचा स्टॉल जाईल, शाळा बंद पडेल, आणि नीलचं करिअर आहे. मी विचारलं, राधिकाचं काय आहे? त्यांनी इंडिकेटर दिला आणि लेन बदलली.

अतुल हे वाईट गृहस्थ नाहीत. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा दहा दिवस डबा त्यांच्या घरून येत होता. हे मी लिहिते कारण तेही खरं आहे. पण डबा दिला म्हणून कोणाच्या लेकीचं आयुष्य परस्पर उधळायचं, असा काही हिशेब होत नाही.

ऑफिसर रामिरेझबाईंनी मला समजावून सांगितलं की, मी जे लिहीन ते माझ्याविरुद्ध वापरता येईल, आणि वकील बोलावण्याचा मला हक्क आहे. पुढच्या महिन्यात माझी अमेरिकेच्या नागरिकत्वाची मुलाखत आहे, तेही त्यांना सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, थांबायचं आहे का. मी नाही म्हटलं. शनिवारी थांबले तेवढं पुरे झालं.

तरी माझं स्पष्ट म्हणणं असं की, राधिका मगदूम हिने आयडी मागितला होता. नील जवळ नाही म्हणाल्यावर आणून दाखव असंही सांगितलं होतं. तिला विक्री करायला अतुल कारखानीस यांनी सांगितलं आणि स्टॉलप्रमुख म्हणून मी होकार दिला. माझा होकार नसता तर तिने ती दिली नसती. नियम तिघांत फक्त तिनेच पाळला होता, आणि तो आम्ही दोघा मोठ्यांनी मोडायला लावला. गुन्हा लावायचा तर तो आमच्यावर लावावा.

हे पुढचं नंतर जोडते आहे. मजकूर वाचून घेण्याची पाळी आली तेव्हा इथे मराठी वाचणारं कोणी नव्हतं. रामिरेझबाई म्हणाल्या, तुम्हीच मोठ्याने वाचा, मी रेकॉर्ड करते. मी म्हटलं, बाहेर बाकावर बसून वाचते, तिथे उजेड चांगला आहे. बाकावर अतुल बसले होते. मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं, गाडीतलंसुद्धा. मध्ये त्यांनी अडवलं नाही. वाचून झाल्यावर मी विचारलं, यात काही चुकलंय का? ते उठले आणि रामिरेझबाईंकडे एक कोरा कागद मागितला.

ते आत्ता पलीकडच्या टेबलावर लिहीत आहेत. माझं लिहिलेलं बरोबर आहे. सही करते.

प्रतिमा पुरुषोत्तम सबनीस