म्हातारं रडतंय का पेंगतंय

न्हाई न्हाई बबलू, तू माझं ऐक — हा फोन नवा आसंल, भारी आसंल, काच मोठी आसंल, सगळं कबूल, पण याच्यात आमचं म्हातारं बदललंय. हसू नको. सकाळी घरून निघाले तव्हा जुन्या फोनात ते रडत होतं — बराबर इथं, डोळ्याच्या खाली, गालावर टपोरा थेंब — अन तू दोन फोन शेजारी ठेवून घटकाभर इकडचं तिकडं केलंस, मला चहा पाजलास, अन आता बघते तर रडायचं नावच न्हाई. डोळे मिटून गपगार पडलंय, अन थेंब गालावरून उठून नाकाशी गेलाय, फुग्यावानी. लेकरं शेंबडाचा फुगा काढतेत न, तसा. दुकान तुझं, वायरी तुझ्या. रडणाऱ्या माणसाचं तू पेंगणारं माणूस कसं केलंस तेवढं सांग, मंग मी काच बघते.

तुला वाटंल, ही आसराबाई नवऱ्यानं धाडल्याल्या एका चित्रापायी कामून भांडून राह्यली. तुम्हा शिकल्याल्या लोकांचं बरं आसतं, चार अक्षरं लिहिली की झालं, चित्र म्हणजे वरून टाकल्याली कोथिंबीर. आमचं तसं न्हाई न बाबा. मी अन ते, दोघंबी मेंढरामागं शिकलोत. तुझ्या दुकानाची पाटीबी मला रंगावरून कळते. दिवाळी झाली की ते मेंढरं घेऊन गोदाकाठाला जातेत, आज या रानात बसवली, उद्या त्या रानात, अन मी इथं वडीगोद्रीला वस्तीवर शेरडं सांभाळत. फोनवर बोलावं म्हणलं तर अख्खं गाव ज्यांला म्हस्कूतात्या म्हणतंय त्यांच्या तोंडात दोनच शब्द — हं अन बरं. मंग आमच्या रेणूनं तोड काढली, म्हणली, आई, तू चित्रं धाडत जा. नावाच्या जागीबी तिनं चित्रच लावून दिलं, त्यांचं नाव म्हणजे एडका. तव्हापासून आमचा कारभार चित्रावर. त्यांनी तीन मेंढ्या धाडल्या म्हणजे तिघी व्याल्या. थेंब धाडला म्हणजे पाण्याची सोय झाली. भाकर काही मला त्याच्यात सापडंना, मंग मी पुनवेचा चांदोबा धाडते, ते समजून घेतेत — जेवलात का. एकदा त्यांनी लांडगा धाडला, मेंढरात लांडगा शिरल्ता म्हणून. माझ्या फोनात तो कुत्र्यावानी दिसला. मी म्हणलं, कुत्रं बरं हाय वाटतं, अन वर अंगठा दाखवला. लांडगा कोकरू घेऊन गेला अन बायको म्हणते लई चांगलं झालं — आठ दिवस ते बुचकळ्यात होते.

काय म्हणतो? मंग आता फोन लावून सरळ इचारून घ्या? — वा रे वा. आमचा अबोला हाय. आता हे तुला सांगायचं नव्हतं, पण निघालंच तोंडातून तर ऐक. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं न, मोतीबिंदूचं, जालन्याला — तव्हा ते आले न्हाईत. मी चांगले आठ दिवस आधी कळवल्तं, चित्रानं न्हाई, तोंडानं. म्हणले, हं. मला वाटलं हं म्हणजे येतो. मेंढ्या व्यायला झाल्या म्हणून तिकडंच राह्यले. माझ्या बाजूच्या खाटेवर एक बाई होती, तिचा नवरा तिला मोसंबी सोलून देत होता, एक एक फोड, बिया काढून. मला पट्टी बांधल्याली, दिसत न्हाई, पण वास येतो न. दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली तव्हा समोर कोण — नर्स. पोरगी चांगली होती बिचारी, पण मी काय तिचं तोंड बघायला डोळं नवं केल्ते का? मला लई वाईट वाटलं बबलू. छत्तीस वर्षं ज्या माणसामागं बिऱ्हाड घोड्यावर घालून हिंडले, त्याला दोन दिवस मेंढरं कुणाला सोपवता आली न्हाईत. म्हणलं, बोलायचंच न्हाई. बिलकुल न्हाई. त्यांचा फोन आला की मी रेणूकडं द्यायची, अन रेणू सासरी परत गेल्यापासून उचलतच न्हाई.

अन मंग हे सुरू झालं, रडणं. रोज पहाटं, मेंढरं सोडायच्या आधी, टिंग — बघते तर रडतंय म्हातारं. पहिल्या दिवशी म्हणलं, रडू दे. दुसऱ्या दिवशी म्हणलं, नाटकं. पण एक दिवस खाडा न्हाई रे. सव्वा महिना झाला, रोजचा एक थेंब. जो माणूस बाप मेला तव्हा रडला न्हाई, भिंतीला टेकून निस्ता बसून राह्यला, तो माझ्यापायी रोज उठून रडतो — आता तूच सांग, दगड आसला तरी पाझरंल का न्हाई? न्हाई, मी काय वाट बघत न्हाई. फोन उशाशीच आसतो, वाजला की दिसतो. परवा वाजायला उशीर झाला तर मी आपलं उठून बघितलं, रेंज हाय का म्हणून. पाच-सहा डाव उठले. त्यात वाट बघायचं काय आलं.

पिशवीकडं नको बघू. धपाटे हायेत. पिंपळगावला चालले, कुंभार पिंपळगावला, माझी बहीण हाय तिथं, बेबीनंदा — तिला माझ्या हातचे आवडतेत. ती तंबाखूची पुडी? तीबी तिच्यासाठीच. खाते कधीमधी. अन कानटोपी — बाईमाणसाला थंडी वाजत न्हाई का? तू फोन बघ, पिशवी कामून तपासून राह्यला.

सांग आता, हे कसं झालं. — हं. — हं. — थांब, जल्दी नको करू, मला माझ्या तोंडानं म्हणू दे. म्हणजे त्यांनी धाडल्यालं चित्र हवेतून इथवर येतच न्हाई म्हणतो. येतो निस्ता आकडा. जगातल्या सगळ्या फोनात त्या आकड्याचा अर्थ एकच ठरवल्याला, पण चित्र ज्याच्या त्याच्या कंपनीनं आपापल्या घरी काढून ठेवल्यालं. आकडा आला की फोन आपल्या घरचं तोंड काढून दाखवतो. आसंच न? मंग हे आपल्या पोळ्यासारखं झालं. मातीचा बैल द्या म्हणलं की पिंपळगावचा कुंभार देतो तो मान ताठ, शिंगं आभाळात, अन इथं बाजारात एक जण बसायचा त्याचा बैल मान खाली घालून, जसा काय आताच औत सोडून आलाय. मागितला बैलच, दोघांनी देला बैलच, पण एक माजल्याला अन एक थकल्याला. तसंच माझ्या जुन्या कंपनीच्या चितारणाऱ्यानं थेंब डोळ्याखाली काढला अन याच्या चितारणाऱ्यानं नाकाशी. बरं. कळलं. तू शिकवतोस चांगलं, मास्तर व्हायला पाहिजे होतास, इथं काचा पुसत बसला.

पण मंग ठरवल्याला अर्थ कोणता? या आकड्याचं खरं नाव काय — रडणं का झोप? आसं इकडं बघून सांग. — झोप. बरं. — जपानात निघाली ही चित्रं? अन तिकडं झोपल्याला माणूस दाखवायचा तर नाकातून फुगा काढायची रीत हाय? भागतंय त्यांचं फुग्यावर. आमचं म्हातारं घोरलं तर शेरडं दावं तोडतेत.

झोप. म्हणजे सव्वा महिना ते मला कळवून राह्यले की झोप आलीया. अन मी इकडं — जाऊ दे. पंखा लाव जरा. न्हाई, डोळ्याला काही झालं न्हाई, नवीन डोळं हायेत, वारं लागलं की पाणी येतं, डॉक्टर म्हणलेच होते. पण एक सांग, पहाटं, उठायच्या वक्ताला कोणी सांगतं का झोप आली म्हणून? ज्याला झोप लागली तो झोपतो, फोन कशाला हातात घेईल. ज्याला रातभर लागली न्हाई तोच पहाटं म्हणंल की डोळे मिटून राह्यले. आता लांडग्यापायी जागतेत का कशापायी जागतेत ते मला काय माहीत. म्हणजे रडणं न्हाई तर न्हाई, जागरण तर हाय. तू मुंडी हलवू नको, तुला काय कळतंय, तुझं लग्न होऊन दोनच वर्षं झालेत.

अन हे बघ, हा नवा फोन आमच्या लेकानं, ओमप्रकाशनं, पुण्याहून धाडला तो त्यांच्या फोनाच्याच कंपनीचा न? मागच्या दिवाळीला बापाला घेतला तसलाच मला घेतला, जोडीचा. म्हणजे आता मला जे दिसतंय तेच त्यांला तिकडं दिसतंय. — आसं का. — मंग वर सरकव जरा. माझं दाखव. मी धाडल्यालं. मी काय गप बसले का, मीबी रोज उलटून धाडायची न, रोजच्या रोज. डोळे वर फिरवल्यालं तोंड हाय बघ, कपाळाला डोळे नेल्यालं — म्हणजे, राहू द्या तुमचे नखरे, मी भुलत न्हाई. जुन्या फोनात आसं झकास होतं ते, ओठ सरळ, बुबुळं पार वर, आमची सासू बघायची माझ्याकडं, अगदी तसं. दाखव —

हे कोण?

हे मी न्हाई धाडलं. हे तर लाडात आलंय. हे गालात हसून राह्यलंय, अन आभाळाकडं आसं बघतंय जसं काय नवी नवरी उखाणा आठवते. — आकडा तोच? — नीट बघ बबलू, परत बघ. — तोच. म्हणजे पहाटं पहाटं ते म्हणायचे, झोप आली, अन मी इकडून रोज, एक दिवस न चुकता, सव्वा महिना, हे आसं... या वयात. सोळाव्या वर्षी लग्नाच्या मांडवात केलं न्हाई आसं तोंड मी. अन त्यांला वाटत आसंल, बायको खुशीत हाय. ऑपरेशन चांगलं झालं, डोळे आले, म्हातारी रंगात आली. तरीच म्हणलं हे रोज धाडायचं थांबत कामून न्हाईत. परवा रेणूला म्हणले म्हणे, तुझी आई आता लई सुधारली. मी म्हणलं ही कसली बोलायची तऱ्हा.

मंग बबलू, मी रुसले कुणावर? त्यांला तर ठाऊकच न्हाई. रुसायला समोर माणूस लागतं, ज्याच्यावर रुसायचं त्याला टोचलं पाहिजे. मी एकटीच सव्वा महिना दाराकडं पाठ करून बसले, अन दारात कोणी नव्हतंच. हस तू, हस. मलाबी हसू येऊन राह्यलंय, पण आतून चीड येती, अन दोन्ही एकदम आलं की माझ्या तोंडाचं काय होतंय ते कोणत्या कंपनीला काढता यायचं न्हाई.

न्हाई, लावून देऊ नको. फोनवर काय सांगू, ते मागचं सगळं हसणं परत घ्या, तो राग होता? ते म्हणतील, हं. — मी चालले. हाव, तिकडंच चालले. बेबीनंदाकडं न्हाई, ती तंबाखू खात न्हाई, ती माळकरीण हाय. पिंपळगावाच्या अलीकडं ऊस निघाल्याल्या एका रानात मेंढरं बसल्यात, काल त्यांनीच चित्र धाडलं, ऊस न्हाई भेटला म्हणून बांबू धाडला, पण मला कळतं. मी ठरवूनच आल्ते. रडणाऱ्या माणसाची समजूत काढायला निघाल्ते रे मी — आता पेंगणाऱ्याला उठवायला जाते, एवढाच फरक. हे रुसल्यालं तोंड नेऊन समोर उभं करते. त्याला आकडा न्हाई, कंपनी न्हाई, इथं दिसतं तसंच तिथं दिसंल. जीप रस्त्यात लई उड्या मारती, तेवढा राग टिकला म्हणजे झालं.

अन खरं सांगू का. डोळं नवं झाल्यापासून मी सगळं बघून घेतलं. सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात. शेरडाच्या कानातली गोचीड दिसली. माझ्या स्वतःच्या हातावरच्या सुरकुत्या बघितल्या, त्या नसत्या दिसल्या तर बरं होतं. त्यांचं तोंड तेवढं राह्यलंय. धुरकट डोळ्यानं शेवटचं बघितल्तं ते दिवाळीला. रडतंय का पेंगतंय ते माझं मी बघीन.

तो जीपवाला हाका मारून राह्यला, दे इकडं. नवा चालू ठेव, दोघांला एकच दिसू दे आता. जुना? तो मोडीत घालू नको, तोबी दे. नंबर नव्यात गेला, त्याच्यात आता काही उघडायचं न्हाई म्हणतो? न उघडू दे. पेटीत ठेवीन. आपल्याला दिसत न्हाई म्हणून आतला माणूस रडायचा थोडाच थांबतो. — अन हे धर, एक धपाटं. गावात काही बोलायचं न्हाई, अन मी पोचायच्या आधी त्यांला फोन लावायचा न्हाई. तोंड बंद ठेवायला देलंय ते. खा, अन गप बस.